मालक शेजारी नसताना

३ ऑगस्ट

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एप्रिलात आलं आणि उत्तर ऑगस्टात जातंय, त्याबद्दल आधी कान धरतो. पेन सापडत नव्हतं असं तुझ्या आईला सांगितलं, तर म्हणाली, "पेन काय चार महिने सुट्टीवर गेलं होतं?" तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. खरं म्हणजे काय लिहावं ते सुचत नव्हतं. फोन मी करत नाही, कारण माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस. कागदावर आवाज चढत नाही, एवढा तरी फायदा.

माझं शिक्षण सातवी नापास, तेव्हा शुद्धलेखन पाहू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे गुडघा धरतो, दुकानात बसलं की उठवत नाही, उठलं की बसवत नाही. किल्लीला कानस मारताना हात थरथरतो, पण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. मीच आपला त्या काळजीत असतो. तू तिकडे नव्या नोकरीसाठी परक्या शहरात एकटी खोली घेऊन राहतेस, तिथल्या दाराला नुसता खटका आहे असं आईकडून कळलं. खटक्यावर भरवसा ठेवू नकोस. आतून कडी लावून घे.

चष्मेवाल्याचं मात्र सांगायलाच हवं. तीस वर्षं आमची दुकानं एका भिंतीला लागून. आजवर हा माणूस स्वतःच्या ॲसिडिटीशिवाय दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही. हल्ली त्याला नवं तोंड फुटलंय. समोर गिऱ्हाईक हनुवटी टेकवून अक्षरं वाचतंय आणि हा आपला सांगतोय, "कुलूपवाल्याच्या मुलीने माझ्या पुढच्या वीस वर्षांचा, पैशाअडक्याचा सगळा आराखडा करून दिला. काय मुलगी आहे!" मुलगी माझी, आणि कौतुक भिंतीपलीकडून ऐकायचं. परवा मला म्हणाला, "तिने मला विचारलं, काका, सकाळी उठल्यावर तुम्हाला पहिली भीती कशाची वाटते? अरे, बायको होती तोवर तिनेसुद्धा असं विचारलं नाही." डोळ्यांत पाणी होतं गड्याच्या. मी म्हटलं, "ड्रॉप घाल."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे पिकलं माझ्या घरात आणि विकलं गेलं शेजारी, तेही फुकट.

तू म्हणशील, बाबा, मी पहिल्यांदा तुमच्याकडेच आले होते. आली होतीस. मी नाही कुठे म्हणतोय? माझ्यासमोर तो सोळा पानांचा प्रश्नांचा गठ्ठा ठेवलास आणि म्हणालीस, "ऑफिसातल्या साहेबबाईंनी पाच कुटुंबांचे आराखडे करून आणायला सांगितलेत. पहिला आपला करू या." मी जे बोललो ते बोललो. ज्याला कामाचा अनुभव नाही त्याच्या हातात मी किल्ली देत नाही, असं म्हणालो. दवाखान्याच्या खिडकीवर सोळा वर्षं लोकांची नावं लिहून घेतलेली बाई एक्केचाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांच्या म्हातारपणाची सोय लावायला निघाली, याची मला भीती वाटली. भीती वाटली की माझ्या तोंडून टोमणा निघतो, हा माझा जन्माचा रोग आहे. तू गठ्ठा उचललास आणि सरळ भिंतीपलीकडे गेलीस. दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?

तुझ्या साहेबबाई तुझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत म्हणे. त्या कागद परत करतात आणि तू "बरं मॅडम" म्हणून पुन्हा लिहितेस. माझ्यासमोर तू कधी "बरं" म्हटल्याचं मला आठवत नाही.

मागच्या खोलीत तुझ्या कामाच्या कागदांची लोखंडी पेटी आहे तिथेच आहे. मी तिला हात लावलेला नाही.

तुझा,
बाबा


२४ ऑगस्ट

चि. खटपटीस,
आशीर्वाद.

आईला तू फोनवर जे सांगितलंस ते तिने मला सांगितलं. म्हणजे तिने सांगितलं नाही, मी दाराशी होतो. चष्मेवाल्याने तुमच्या ऑफिसात तक्रार केली, हे ऐकून मी दारातच खाली बसलो. तीस वर्षांच्या शेजाराची ही किंमत! माझ्याकडे यायचं होतं, मला शिव्या घालायच्या होत्या. सरळ साहेबबाईंना पत्र?

आता त्याच्या दुकानात काय झालंय ते तुला कळायला हवं. त्याचा धाकटा भाऊ, मागे बसून काचा घासतो तो, मुका म्हणावा इतका गरीब, तो आठ दिवस दुकानात आलेला नाही. चष्मेवाला दोन वर्षांनी दुकान विकून मुलाकडे राहायला जाणार आहे हे त्या भावाला कळलं. बावीस वर्षं काचा घासल्या बिचाऱ्याने आणि त्याला पत्ताच नाही. कळलं ते भर चहाच्या टपरीवर, चारचौघांत. हातातला कप त्याने खाली ठेवला आणि निघून गेला.

तुझा प्रश्न आहे की मला हे कसं माहीत होतं. कारण बोललो मीच. टपरीवर माझ्याच तोंडून निसटलं, हे मी लपवत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं. पण तू माझ्यावर एकदम चिडू नकोस. तू इथे होतीस तेव्हा मागच्या खोलीत बसून साहेबबाईंशी फोनवर बोलायचीस. तुझा आवाज मोठा आहे आणि त्या खोलीची भिंत म्हणजे नुसता पापुद्रा. कानावर पडलं असणार. म्हाताऱ्याचे कान, नको तेच ऐकतात.

अशा गोष्टी तू घरात मोठ्याने बोलायला नको होतीस, एवढंच मी म्हणतो. तुझं धंद्यातलं पहिलंच वर्ष. शिकशील.

पेटीचं कुलूप तू बाजारातून आणलंस ते हलकं होतं. मला विचारलं असतंस तर चांगलं दिलं असतं. पण त्याचा इथे काही संबंध नाही.

चष्मेवाला आता माझ्याशी बोलत नाही. तुझं पुराणही बंद झालंय. खोटं कशाला लिहू, पहिले दोन दिवस ती शांतता मला बरी वाटली.

रोज जेवतेस ना? उत्तर पाठव.

बाबा


९ सप्टेंबर

खटपटी,

आई आज फोन ओट्यावर ठेवून, आवाज मोठा करून तुझ्याशी बोलली. हात पिठात होते म्हणाली. मला वाटतं तिने मुद्दाम केलं. मी स्टुलावर बसून बिजागरीला तेल देत होतो.

तू तिला सांगितलंस की माझं पत्र मिळालं आणि त्याच दिवशी तू साहेबबाईंकडे जाऊन चूक कबूल केलीस. तुझाच आवाज मोठा होता, गिऱ्हाइकाची गोष्ट तुझ्याच निष्काळजीपणाने वडिलांच्या कानावर गेली, असं तू लिहून दिलंस. आता चौदा तारखेला मोठे लोक बसणार आणि तुला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार. गिऱ्हाइकाचं गुपित फोडणं ही त्या धंद्यातली सगळ्यांत मोठी चूक, एकदा नाव गेलं की दुसरीकडेही कोणी उभं करत नाही, असं तू म्हणालीस. अगदी शांतपणे म्हणालीस. दवाखान्याच्या खिडकीतून लोकांना "पुढच्या खिडकीवर जा" सांगायचीस तशी.

मग आईने विचारलं, "आणि ती पेटी? ती कोणी उघडली नसेल कशावरून?"

तू हसलीस. म्हणालीस, "आई, साहेबबाईंनीही हेच विचारलं. मी त्यांना सांगितलं, पेटी माझ्या वडिलांच्या घरात आहे. त्याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही. आमचे बाबा तिरके बोलतील, पण दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणार नाहीत."

आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बिजागरीला तेल देतच राहिलो. सगळं तेल विजारीवर सांडलं.

उद्या लिहितो. आज हात चालत नाही.


१० सप्टेंबर

चि. खटपटीस,

हे पत्र टपालाने टाकत नाही, बसवाल्याच्या हातून पाठवतोय. तो उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या ऑफिसच्या दारात देईल. वाचून झाल्यावर फाडू नकोस. तुला त्याचं काम पडेल.

भिंत पापुद्र्याची नाही. पक्क्या विटांची आहे, मीच बांधून घेतली. तुझं एक अक्षरसुद्धा मला कधी ऐकू आलं नाही. कान लावूनही नाही. हो, लावला होता.

पेटी मी उघडली.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. दुपारी आई डॉक्टरकडे गेली होती. सकाळी चष्मेवाला दुकानात येऊन उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "तुझं काय झालं रे आराखड्याचं? घरच्यांना पैसे पडतात की काय?" आणि हसला. वाईट हेतूने नाही हसला, मला ठाऊक आहे. पण ते हसू माझ्या छातीत अडकलं. जेवण गेलं नाही. मला एकच वेड लागलं. हा माणूस माझ्या मुलीशी एवढं काय बोलतो? आणि ती त्याचं एवढं काय ऐकून घेते?

माझा नियम तुला पाठ आहे. कुलूप कोणाचंही असो, मालक शेजारी उभा असल्याशिवाय तार घालायची नाही. लहान असताना तू दुकानात बसायचीस आणि कोणी एकटा आला की माझ्या आधी तूच विचारायचीस, "मालक कुठेत?" एकदा पोलीस आला होता, त्यालाही विचारलंस. त्रेचाळीस वर्षं मी तो नियम मोडला नाही. भाडेकरूचं कुलूप उघड म्हणून घरमालक हजार रुपये द्यायला आले, त्यांना हाकललं.

तुझं कुलूप दीड मिनिटात उघडलं. एवढं सांगणं भाग आहे, कारण कोणी विचारलं तर मी खरंच उघडलं हे त्यांना पटायला हवं.

आत पाच फायली होत्या. सगळ्यांत वर माझी असेल असं मला वाटत होतं. तू गुपचूप माझीही केली असशील, न विचारता, मनानेच. एक एक करून पाहिल्या. चष्मेवाला, शाळेच्या बाई, इस्त्रीवाला, दोन मला माहीत नसलेली नावं. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. मी नव्हतो. का असावं? मीच नको म्हटलं होतं. तरी त्या खोलीत जमिनीवर बसून मला जेवढं वाईट वाटलं तेवढं माझी आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग मी चष्मेवाल्याची फाईल वाचली. सगळी नाही, अक्षर लागलं तेवढी. मला वाटलं होतं आत आकड्यांचं जंगल असेल. आकडे होते, पण तुझ्या हाताने लिहिलेलंच जास्त होतं. एका ठिकाणी तू लिहिलंस, "भावाला सांगायची हिंमत होत नाही. इथे बराच वेळ गप्प बसले. मीही गप्प बसले. घाई करायची नाही." हे वाचून मला त्याचा इतका हेवा वाटला की कागद चुरगळायला हात गेला. माझ्याबरोबर तू गप्प बसतेस ती रागाने. त्याच्याबरोबर गप्प बसलीस ती त्याच्यासाठी.

पेटी पुन्हा बंद केली. खरं तर तिथेच संपायला हवं होतं.

टपरीवर काय झालं तेही पूर्ण सांगतो, मागच्या पत्रात अर्धंच सांगितलं. चष्मेवाला पुन्हा सुरू झाला, चार लोकांत. "मी तिला सगळं सांगतो बाबा, माझ्या मुलाला नसेल सांगितलं ते." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मुलाला नाही, पण भावाला तरी सांग. दोन वर्षांनी दुकान विकून निघालास म्हणे." भाऊ मागेच उभा होता, हे मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर थांबलो असतो का, ते मला सांगता येत नाही.

चष्मेवाला पांढरा पडला. "तुला कोणी सांगितलं?" म्हणाला.

तेव्हा मी खरं बोलू शकलो असतो. नाहीतर गप्प तरी राहू शकलो असतो. मी काय म्हणालो ते लिहायला आज सकाळपासून तीनदा बसलो. मी म्हणालो, "घरचं माणूस घरात बोलतंच की. मुलगी आहे माझी. मला सगळं सांगते."

तू मला सगळं सांगतेस असं त्या लोकांना वाटावं, एवढ्यासाठी. बाई, तुझी नोकरी जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या चार लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि क्षणभर मलाही वाटलं की हो, सांगते.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ ताट घासत बसली, ते आधीच स्वच्छ होतं. मग म्हणाली, "मी गल्लीत मान वर करून चालते ती तुमच्या पैशाने नाही. पैसा होता कधी? लोक गावाला जाताना तुमच्याकडे किल्ली ठेवून जातात, म्हणून चालते." आणि म्हणाली, "मी तिला फोन करणार नाही. तुमच्या हाताने केलंत, तुमच्या हाताने लिहा."

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी चष्मेवाल्याकडे गेलो. तो एकटाच काचा पुसत होता, भावाचं काम. मी उभ्यानेच सांगितलं. पेटी, तार, फाईल, टपरी, सगळं. त्याने मधे एकदाच विचारलं, "किती वाचलंस?" मी म्हटलं, "भावापर्यंत." त्याने मान हलवली. मग म्हणाला, "म्हणजे बायकोच्या शेवटच्या दिवसांचं पान वाचलं नाहीस." मी म्हटलं, "नाही." म्हणाला, "ते तरी बरं."

मी हात जोडले. तो म्हणाला, "हात खाली घे. तुला माफ करायला मला जमणार नाही, निदान या वर्षी तरी नाही. पण त्या मुलीवर मी खोटा आळ घेतला. तिला मी तोंड कसं दाखवू?" मग ड्रॉवरमधून कागद काढून तिथेच लिहायला बसला. मी निघालो तर ओरडला, "थांब की! सही झाल्यावर कोण नेणार, माझा बाप?"

त्याचं पत्र याच पाकिटात आहे. त्याने तक्रार मागे घेतली आहे. आणि तुझीच सल्लागार म्हणून त्याला गरज आहे, भावाला समोर बसवून कसं सांगायचं ते तूच ठरवून द्यावंस, असं लिहिलंय. मला वाचून दाखवलं नाही. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. बघ, सवय गेली नाही.

वेगळ्या कागदावर मी तुमच्या मोठ्या लोकांसाठी लिहिलंय. मालक हजर नसताना, मालकाला न विचारता, मी कुलूप उघडलं आणि कागद वाचले. मुलीने घरात गिऱ्हाइकाबद्दल एक शब्द काढलेला नाही. तिला चोवीस ऑगस्टला लिहिलेलं माझं पत्र खोटं होतं. खाली सही, अंगठा आणि दुकानाचा शिक्का आहे. त्यांना कुलूप पाहायचं असेल तर मी चौदा तारखेला येऊन त्यांच्या टेबलावर पुन्हा उघडून दाखवतो. नातं लपवू नकोस आणि माझी लाज वाटून तो कागद पाकिटात ठेवू नकोस. तुझा तसा स्वभाव आहे, म्हणून सांगतोय.

ते म्हणतील की गिऱ्हाइकाचे कागद वडिलांच्या घरी ठेवले हीच चूक. तेवढी तुझीही चूक आहे. माझ्यावर विश्वास ठेवलास ती.

पाचही फायली आईने आज न उघडताच नव्या कापडात शिवून शाळेच्या बाईंकडे ठेवल्यात. मला जागा सांगितली नव्हती, पण तुला लिहायचं म्हणून विचारून घेतली.

माझा आराखडा कर असं मी म्हणणार नाही. कोणत्या तोंडाने म्हणू? इस्त्रीवाला काल सांगत होता की तू त्याला महिन्यातून एकदा फोन करतेस, बायकोच्या औषधांचं विचारतेस. मी त्याचे शर्ट न घेताच परत आलो. अजूनही जळतो मी, हे तुला कळायला हवं, नाहीतर हे पत्रही खोटंच होईल.

चौदा तारखेची बैठक सकाळी अकराला आहे असं आई म्हणाली. संपली की एक शब्द कळव. राहिलीस तर "राहिले" आणि गेलीस तर "गेले". पुढे मला काय म्हणायचं असेल ते म्हण, आईसमोर फोनवर ओरडलीस तरी चालेल, मी आवाज चढवणार नाही. पण संध्याकाळपर्यंत वेळ लावू नकोस. मी अकरापासून दुकानात न जाता फोनपाशीच बसणार आहे. लवकर कळव.

तुझा,
बाबा